खजुरी बाजारातला जॅक्सन

दोन वर्षांपूर्वी मी मुलीसाठी सातवीचं गाईड शोधायला इंदूरच्या खजुरी बाजारात गेले आणि येताना जॅक्सन घेऊन आले. क्लासिकल इलेक्ट्रोडायनॅमिक्सचा जॅक्सन, म्हणजे वीज-चुंबकत्वाचं फिजिक्सवाल्यांचं जाडजूड पुस्तक, तिसरी आवृत्ती, साडेतीनशे रुपये, म्हणजे नव्याच्या मानानं फुकटच म्हणा. गाईड काही मिळालं नाही, त्यावरून घरी बोलणी खाल्ली ती वेगळी. पुस्तकात आधीच्या मालकाच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या, बारीक सुबक अक्षर, समासात छोटे छोटे हिशेब, मला वाटलं वा, कोणीतरी मन लावून वाचलंय, आपल्याला आयती मदत. रात्री उलटून बघते तर त्या खुणा तिसऱ्या चॅप्टरच्या मध्यावर येऊन गुपचूप बंद झालेल्या. पुढची सहाशेच्या वर पानं कोरी करकरीत. तेव्हाच समजायला हवं होतं.

मी मॅथ्सवाली. एमएस्सी केलं, मग लग्न, मग लोकमान्य नगरात घरीच अकरावी-बारावीच्या ट्यूशन. फिजिक्सशी संबंध बीएस्सीलाच संपला आणि तोही पासापुरताच होता. पण मुलं मॅथ्सचं विचारता विचारता फिजिक्सचंही विचारतात, त्यांना काय, मॅडम म्हणजे मॅडम. तर एक मुलगा, हुशार आणि थोडा आगाऊ, त्याने एकदा विचारलं की मॅडम, जिथे चार्ज आहे बरोब्बर त्याच जागी फील्ड किती असतं? मी म्हटलं तिथे डिफाइन होत नाही, खाली शून्य येतं. तर म्हणतो, मग गाउसच्या नियमात (बंद पृष्ठातून बाहेर पडणाऱ्या फील्डवरून आतला चार्ज सांगतो तो) तो चार्ज आत आहे असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

त्याला मी काहीतरी सांगून घरी पाठवलं पण स्वतःची समजूत घालता येईना. कारण कागदावर मांडलं तर भानगड अजून वाढते. चार्जच्या इन्व्हर्स स्क्वेअर फील्डचा डायव्हर्जन्स (त्या त्या बिंदूतून फील्ड किती बाहेर पडतं ते) काढा, सगळीकडे शून्य येतो, सरळ डेरिव्हेटिव्ह आहेत, कोणीही काढेल. डायव्हर्जन्स थिअरम म्हणतो की मग बंद पृष्ठातून बाहेर जाणारा फ्लक्सही शून्य. आणि फ्लक्स तर काढला की चार पाय (४π) येतो, गोळा केवढाही घ्या. मॅथ्सच्या माणसाला हे असं समोर आलं की जेवण गोड लागत नाही. थिअरम खोटा नाहीये, त्याच्या अटी पाळल्या गेल्या नाहीयेत, मधला एक बिंदू खराब आहे, एवढं मला कळत होतं, पण मग भौतिकशास्त्रवाले त्या बिंदूवर डेन्सिटी म्हणून जे लिहितात ते नेमकं आहे काय?

तर असं सगळं डोक्यात असताना जॅक्सन दिसला आणि मी घेतला. कारण कॉलेजात सगळे म्हणायचे जॅक्सन म्हणजे सगळ्यात कठीण, आणि माझ्या डोक्यात एक गणित पक्कं बसलं होतं की जे सगळ्यात कठीण तेच सगळ्यात रिगरस, म्हणजे काटेकोर, असणार. हे गणित चुकीचं आहे हे कळायला मला तीन महिने लागले आणि ही पोस्ट खरं म्हणजे त्याबद्दलच आहे.

तीन महिने मी काय केलं? प्रतिमा चार्ज, ग्रीन फंक्शन, लेजांद्र, बेसेल, म्हणजे फील्डची गणितं सोडवायच्या युक्त्या. सकाळी ट्यूशनच्या आधी पाऊण तास, रात्री भांडी आवरल्यावर तास-दीड तास. सासूबाई एकदा म्हणाल्या, अगं परीक्षा कधी आहे तुझी? पुस्तक उत्तम आहे, त्यात वाद नाही, त्यातली गणितं सोडवली की हाताला वळण लागतं, पण माझा जो प्रश्न होता तो तिथे फारसा कोणी विचारतच नव्हतं. सिरीज कुठे कन्व्हर्ज होते, ग्रीन फंक्शन असतंच हे कशावरून, सीमेवर कोपरे असले तर काय, ह्यावर दोन ओळी आणि पुढे चला. ते त्या पुस्तकाचं कामच नाहीये. ते इंजिनिअर आणि फिजिसिस्ट घडवायला लिहिलंय, १९६२ पासून ते काम करतंय आणि चांगलं करतंय. मी मात्र त्याच्याकडे चुकीची मागणी घेऊन गेले होते, किराणा दुकानात जाऊन औषध मागावं तशी.

आमच्या गल्लीत एक काका राहतात, कॅटमधून (सेंटर फॉर ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी) रिटायर झालेले. २००५ साली त्याचं नाव राजा रामण्णा केंद्र झालं पण इंदुरात अजून सगळे कॅटच म्हणतात. काका ॲक्सिलरेटरच्या कामात होते. त्यांना एका रविवारी पोहे-जलेबी घेऊन गेले आणि सगळी कहाणी सांगितली तर खूप हसले. म्हणाले, "अगं, जॅक्सनचा चौदावा चॅप्टर आम्ही पोटापाण्यासाठी वाचला. तू कशासाठी वाचून राहिलीस?" मग त्यांनी इंडस-टूचं सांगितलं. इथे आपल्या गावात, राजेंद्र नगरच्या पलीकडे, पावणेदोनशे मीटरच्या आसपास घेर असलेल्या रिंगमध्ये इलेक्ट्रॉन अडीच गिगा इलेक्ट्रॉन व्होल्टला फिरतात, सेकंदाला सतरा लाखांवर चकरा. मी तिथेच नॅपकिनवर हिशेब केला. गॅमा (इलेक्ट्रॉनची ऊर्जा त्याच्या स्थिर ऊर्जेच्या किती पट ते) येतो ४९०० च्या जवळ. म्हणजे वेग प्रकाशापेक्षा किती कमी? एक भागिले दोन गॅमा वर्ग, गुणिले प्रकाशाचा वेग सी, येतात सेकंदाला साधारण सहा मीटर. सहा मीटर! ताशी बावीस किलोमीटर! म्हणजे राजवाड्याच्या ट्रॅफिकमध्ये माझी स्कूटी जेवढ्यानं चालते तेवढाच काय तो इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या मागे. मला हे इतकं आवडलं की मी त्या आठवड्यात ट्यूशनच्या प्रत्येक बॅचला सांगितलं.

तर काका म्हणाले की आम्हाला उत्तर पाहिजे असायचं, किती पॉवर बाहेर पडते, कोणत्या कोनात पडते, मॅग्नेट केवढा पाहिजे. त्यासाठी जॅक्सन. तुला उत्तर नकोय, तुला उत्तराच्या खालची जमीन बघायचीय. त्यासाठी दुसरं काहीतरी वाच. आणि त्यांनी त्यांचा पर्सेल दिला, वीज-चुंबकत्वाचंच पुस्तक, तपकिरी कव्हर घातलेला, वर बजावून सांगितलं की पोहे खाताना वाचायचं नाही.

पर्सेल रिगरस नाहीये हां, ते आधीच सांगते. पण तो प्रामाणिक आहे. १९६५ सालचं पुस्तक, आणि त्यात मॅग्नेटिझम आभाळातून टाकलेलं नाही, आधी रिलेटिव्हिटीचं थोडं धरून मग चालत्या चार्जचं फील्ड, आणि तारेतल्या करंटजवळून जाणाऱ्या चार्जला बल का लागतं ते लांबीच्या आकुंचनातून. नवीन आवृत्ती मॉरिनने सुधारलेली, २०१३ ची, ती एसआय युनिटमध्ये आहे, काकांची जुनी गाउसियन युनिटमध्ये. पर्सेल वाचून माझ्या लक्षात आलं की मी उलट्या टोकाकडून शिरत होते, रिलेटिव्हिटी शेवटच्या चॅप्टरला ठेवायची गोष्टच नाही, ती आधी पाहिजे. ग्रिफिथ्समध्ये (इलेक्ट्रोडायनॅमिक्सचं कॉलेजातलं नेहमीचं पुस्तक) ती शेवटी, बाराव्या चॅप्टरला येते. ग्रिफिथ्सशी माझं भांडण नाही, उलट ज्याला कोणाला पहिल्यांदा शिकायचंय त्याने डोळे मिटून तेच घ्यावं (त्यातला तो वाकडा आर लिहायला मला अजून जमत नाही), पण मॅथ्सच्या माणसाला ते एका टप्प्यानंतर कमी पडायला लागतं.

मग मी एक पद्धत काढली. नवीन पुस्तक हातात आलं, दुकानात असो, कोणाच्या घरी असो नाहीतर मोबाईलवर प्रीव्ह्यू असो, मी सरळ एकच पान उघडते. एक भागिले आर ह्याचा लॅप्लासियन. एक भागिले आर म्हणजे बिंदू-चार्जचं पोटेन्शिअल आणि त्याचा लॅप्लासियन म्हणजे आपला तोच डायव्हर्जन्स, फक्त खूण उलटी. तिथे लेखक काय करतो ते बघायचं. भात शिजला का बघायला एकच शीत चेपतात ना, तसं.

ग्रिफिथ्स काय करतो? तो पहिल्याच चॅप्टरमध्ये ती विसंगती तुमच्यासमोर मोकळेपणानं ठेवतो, माझ्या त्या विद्यार्थ्यानं ठेवली तशीच, आणि म्हणतो की हे डिराक डेल्टा आहे. डेल्टा म्हणजे काय, तर असं असं वागणारी वस्तू, फंक्शन नाही. इथपर्यंत ठीक, प्रश्न तरी दिसतो. जॅक्सन तिसऱ्या आवृत्तीत एक छान युक्ती करतो, आर वर्गात एक छोटा ए वर्ग मिळवतो, म्हणजे बिंदू थोडा फुगवतो, सगळं व्यवस्थित डेरिव्हेटिव्ह घेण्यासारखं होतं, आणि शेवटी ए शून्याकडे नेतो. हे मला एकदम पटलं, इथे जॅक्सननं माझं मन जिंकलं होतं, पण एक गोष्ट अजून उरतेच, लिमिट कोणत्या अर्थानं? प्रत्येक बिंदूला तर नाही, कारण प्रत्येक बिंदूला ती शून्य नाहीतर अनंत.

उत्तर मला शेवटी फिजिक्सच्या पुस्तकात मिळालंच नाही, एव्हान्सच्या पार्शियल डिफरेन्शियल इक्वेशन्सच्या दुसऱ्या चॅप्टरमध्ये मिळालं, जे पुस्तक माझ्याकडे एमएस्सीपासून माळ्यावर पडलेलं होतं! तिथे डेल्टा शब्दाशिवायच काम होतं. एक गुळगुळीत फंक्शन घ्या, बाहेर शून्य होणारं. त्याच्या लॅप्लासियनला एक भागिले आर ने गुणा आणि सगळ्या जागेवर इंटिग्रेट करा. मधून एप्सिलॉन त्रिज्येचा गोळा कापून टाका. बाहेर दोनदा इंटिग्रेशन बाय पार्ट्स, तिथे एक भागिले आरचा लॅप्लासियन खरोखरच शून्य आहे, कोणाला शंका नको. उरतात गोळ्याच्या सीमेवरच्या दोन टर्म. एकीत क्षेत्रफळ एप्सिलॉन वर्ग आणि फंक्शन एक भागिले एप्सिलॉन, ती मरते. दुसरीत क्षेत्रफळ एप्सिलॉन वर्ग आणि डेरिव्हेटिव्ह एक भागिले एप्सिलॉन वर्ग, दोन्ही कटतात आणि उरतं उणे चार पाय गुणिले मधल्या बिंदूवरची त्या फंक्शनची किंमत. बस. एवढंच. "चार्ज तिथे आहे" ह्याचा हाच अर्थ आहे, फील्डला त्या बिंदूवर काही किंमत नसली तरी चालतं, कारण प्रश्न बिंदूवर विचारायचाच नसतो, गुळगुळीत फंक्शन लावून विचारायचा असतो. ह्या विचाराला, म्हणजे डिस्ट्रिब्यूशनला, लॉरां श्वार्त्झनं १९४० च्या दशकात पक्कं रूप दिलं आणि १९५० साली त्याला फील्ड्स मेडल मिळालं. डिराक तर तो डेल्टा त्याच्या वीसेक वर्षं आधीपासून बिनधास्त वापरून राहिला होता.

त्या रात्री मला झोप नाही आली, पण चांगल्या अर्थानं.

हे झाल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की मी एकाच पुस्तकात दोन पुस्तकं शोधत होते. शुद्ध काटेकोर इलेक्ट्रोडायनॅमिक्स असं एक जाडजूड पुस्तक कोणीतरी लिहून ठेवलंय आणि ते आपल्याला फक्त सापडत नाहीये, असं नसतं. म्हणजे थिरिंगसारखी आहेत, त्याच्या मॅथेमॅटिकल फिजिक्सच्या मालिकेचा दुसरा खंड, १९७९ चा, क्लासिकल फील्ड थिअरी, सगळं डिफरेन्शियल फॉर्म्समध्ये, थिअरम-प्रूफ. मी उघडलं, बारा पानं वाचली, आणि अदबीनं बंद केलं. एकट्यानं स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून वाचायचं पुस्तक ते नाही, निदान माझ्यासाठी तरी नाही. त्यापेक्षा एक साधं फिजिक्सचं पुस्तक आणि शेजारी एक खरं मॅथ्सचं पुस्तक, आणि जिथे फिजिक्सवाला उडी मारतो तिथे बोट ठेवून दुसरं उघडायचं.

रिलेटिव्हिटीत हे अजून मजेदार होतं. लांडाऊ-लिफशिट्झचा दुसरा खंड, क्लासिकल थिअरी ऑफ फील्ड्स. काय पुस्तक आहे! पहिल्या पानापासून रिलेटिव्हिटी, मग ॲक्शन (जिच्यावरून गतीची समीकरणं निघतात ती राशी), त्यातून चार्जची गती, त्यातून मॅक्सवेलची वीज-चुंबकत्वाची समीकरणं, आणि शेवटी आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं, एका दोऱ्यात सगळं ओवलेलं. पण तोंडातून शब्द कमी. दुसऱ्याच सेक्शनमध्ये तो म्हणतो की एका फ्रेममध्ये (एका निरीक्षकाच्या मोजमापात) इंटरव्हल, म्हणजे दोन घटनांमधलं काळ आणि जागा मिळून अंतर, शून्य असेल तर दुसऱ्यातही शून्य, आणि दोन्ही एकाच ऑर्डरचे सूक्ष्म आहेत, म्हणून ते एकमेकांच्या प्रमाणात असले पाहिजेत. म्हणून? कसं काय म्हणून? मी तिथे चार दिवस अडकले. पुढची युक्ती सुंदर आहे हां, तो प्रमाणांक फक्त दोन फ्रेममधल्या वेगाच्या आकारावर अवलंबून असू शकतो, तीन फ्रेम घेतल्या तर एका बाजूला वेगांमधला कोन येतो आणि दुसऱ्या बाजूला येत नाही, म्हणून प्रमाणांक स्थिर, म्हणून एक. हे पाठ करून कोणालाही ऐकवावं असं आहे. पण आधीची ती "म्हणून" माझ्या घशात अडकलेली.

तिथे काय पाहिजे? एक, फ्रेम बदलणारं रूपांतर लिनियर आहे हे. आइन्स्टाइननं १९०५ च्या पेपरात एका वाक्यात उरकलंय, जागा आणि काळ सगळीकडे सारखे म्हणून लिनियर. मॅथ्सवाला म्हणेल ठीक आहे, सारखेपणातून ॲडिटिव्ह येतं, त्यात कंटिन्युअस मिळवा की लिनियर, पण कंटिन्युअस आहे हे तुम्ही गृहीत धरलं ते तरी सांगा. दोन, लिनियर असेल आणि प्रकाशाचा शंकू (लाइट कोन) शंकूवरच जात असेल तर दोन्ही क्वाड्रॅटिक फॉर्म प्रमाणात असतात, ही एक साधी लिनियर अल्जेब्राची लेमा, अर्ध्या पानाची, मी स्वतः सिद्ध केली आणि वहीत चौकोन काढून ठेवली.

आणि मग नाबरचं पुस्तक मिळालं, जॉमेट्री ऑफ मिन्कोव्स्की स्पेसटाइम, स्प्रिंगर, १९९२. त्यात झीमनचा थिअरम पूर्ण सिद्ध केलेला आहे. १९६४ साली झीमननं दाखवलं (आणि त्याच्याही आधी रशियात अलेक्झांड्रोवनं ह्याच दिशेचं काम केलं होतं) की कोणती घटना कोणत्या घटनेच्या आधी असू शकते, एवढा क्रम फक्त जपणारं एकास एक रूपांतर घ्या, लिनियर नको, कंटिन्युअससुद्धा नको, काही नको, तरी ते लोरेन्ट्झच (रिलेटिव्हिटीतलं फ्रेम बदलायचं रूपांतर) निघतं, वर फारतर एक सरकवणं आणि एक मोठं-लहान करणं. फक्त क्रमातून सगळी भूमिती! मी सगळ्यात जास्त खूश ह्या पुस्तकावर आहे. आणि त्यातली गंमत अशी की जागेची एकच मिती घेतली तर थिअरम पडतो. टी उणे एक्स आणि टी अधिक एक्स हे दोन अक्ष घ्या, दोन्हींना वेगवेगळं कसंही ताणा, रबरासारखं, फक्त वाढत्या दिशेनं, क्रम जसाच्या तसा राहतो आणि लिनियर तर अजिबात नाही. म्हणजे फळ्यावर आपण जी एक रेघ उभी एक रेघ आडवी काढून रिलेटिव्हिटी शिकवतो नेमकं तिथेच हे खोटं आहे. हे मला कोणी कॉलेजात का नाही सांगितलं?

आता डिफरेन्शियल फॉर्म्सबद्दल (फील्डची समीकरणं लिहायची एक आटोपशीर भाषा) थोडक्यात, कारण ह्यावर सगळेच बोलतात. मॅक्सवेलची चार समीकरणं दोन होतात, डी एफ बरोबर शून्य वगैरे, ते दिसायला छान आहेच, पण मला त्याचा खरा फायदा दुसरा वाटला. फिजिक्सच्या पुस्तकात "कर्ल शून्य म्हणून ग्रेडियंट" आणि "डायव्हर्जन्स शून्य म्हणून कर्ल" हे इतक्या सहज लिहितात की जागेला भोक असलं तर ते खोटं होतं हे विसरायलाच होतं. आपलं तेच इन्व्हर्स स्क्वेअर फील्ड घ्या, मधला बिंदू काढून टाकला की उरलेल्या जागेत डायव्हर्जन्स शून्य, पण ते कोणाचाही कर्ल नाही, कारण कर्ल असता तर गोळ्यातून फ्लक्स शून्य आला असता आणि येतो चार पाय. लांब सोलेनॉइडच्या (तारेच्या गुंडाळीच्या) बाहेर पोटेन्शिअलचंही असंच, फील्ड शून्य पण पोटेन्शिअल ग्रेडियंट म्हणून सगळीकडे एकदम लिहिता येत नाही, आणि १९५९ मध्ये आहारोनोव्ह आणि बोम ह्यांनी दाखवलं की क्वांटममध्ये हे खरोखर मोजता येतं. ह्यासाठी बाएझ आणि मुनियाइन घ्या, १९९४ चं आहे, गप्पा मारल्यासारखं लिहिलंय आणि तरी व्याख्या नीट आहेत. फ्लँडर्स डोव्हरमध्ये स्वस्त पडतो पण कोरडा. स्पिव्हाकचं कॅल्क्युलस ऑन मॅनिफोल्ड्स छोटंसं आहे, बारीक दिसतं म्हणून फसू नका, मला दीडशे पानांना पाच महिने लागले.

आता युनिट आणि खुणांची रड. ही कोणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. जॅक्सनच्या तिसऱ्या आवृत्तीत पहिले दहा चॅप्टर एसआय आणि अकरावा सुरू झाला की गाउसियन, म्हणजे संसार अर्ध्यावर आला आणि घर बदललं. लांडाऊ पूर्ण गाउसियन. आणि मेट्रिकची खूण (इंटरव्हलच्या सूत्रात कोणाला अधिक, कोणाला उणे), जॅक्सन आणि लांडाऊ काळाला अधिक घेतात, ग्रिफिथ्स, वाल्ड, ओ'नील (हे दोघे जनरल रिलेटिव्हिटीचे, पुढे येतातच) काळाला उणे. मी एकदा लांडाऊमधून ॲक्शन उचलली आणि वाल्डमधल्या टेन्सरशी जुळवायला बसले, एक उणे कुठून येतंय कळेना, पूर्ण आठवडा गेला, त्यात तिमाही परीक्षेचे पेपर तपासायचे राहिले आणि दोन पालकांचे फोन आले. आता वहीच्या मागच्या पानावर कोणाचं काय असा तक्ता आहे. मिस्नर-थॉर्न-व्हीलरच्या कव्हरच्या आतल्या बाजूला असा तक्ता छापलेलाच आहे, म्हणजे लोकांना हा त्रास १९७३ पासून आहे. ते पुस्तक बाराशेच्या वर पानांचं, मांडीवर घेऊन वाचता येत नाही, पण इकडून तिकडून चाखायला मस्त आहे, सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत फिरतो तसं, पोट भरायला नाही जायचं.

जनरल रिलेटिव्हिटीसाठी मला मॅथ्सच्या बाजूनं ओ'नील सगळ्यात जवळचा वाटला, सेमी-रीमानियन जॉमेट्री, १९८३. मॅनिफोल्डपासून सुरू करून रिलेटिव्हिटीपर्यंत एकही पायरी न गाळता नेतो, आणि फिजिक्सचे शब्द वापरायच्या आधी त्यांची व्याख्या देतो, मला तर डोळ्यांत पाणी आलं. वाल्ड १९८४ चा आहे, त्यात पुढे कॉझल स्ट्रक्चर आणि सिंग्युलॅरिटीचे थिअरम नीट आहेत, पण पहिल्या वाचनाला तो भरभर चालतो. ज्याला खर्च नको त्यानं कॅरलच्या १९९७ च्या नोट्स घ्याव्यात, नेटवर फुकट आहेत, आणि भंवरकुआंला झेरॉक्स करून स्पायरल बाइंडिंग लावलं की पुस्तकच.

आता ते सगळ्यात महत्त्वाचं जे मला शेवटी कळलं. त्या मुलाचा प्रश्न अजून अर्धाच सुटला होता. चार्ज कुठे आहे ह्याचं उत्तर मिळालं, पण त्या चार्जवर त्याच्या स्वतःच्या फील्डचं बल किती? इथे डिस्ट्रिब्यूशन हात वर करतं. चार्ज म्हणजे डेल्टा, फील्ड त्याच बिंदूवर बिघडलेलं, बल म्हणजे दोघांचा गुणाकार, आणि असा गुणाकार डिस्ट्रिब्यूशनमध्ये नसतोच. ऊर्जा काढा, तीही एक भागिले त्रिज्येसारखी वाढते आणि बिंदूला अनंत होते. डिराकनं १९३८ मध्ये ह्यातून वाट काढून समीकरण दिलं, पण त्याची काही उत्तरं अशी आहेत की बाहेरून कोणी हात न लावता इलेक्ट्रॉन आपोआप वेग वाढवत पळत सुटतो. म्हणजे बिंदूचा चार्ज आणि मॅक्सवेल, दोन्ही पूर्ण खरे मानले तर सिद्धांत स्वतःशीच नीट बसत नाही. इतके दिवस मला वाटायचं लेखक आळशी आहेत, काटेकोर लिहीत नाहीत. तर इथे लेखकाचा दोषच नाही, जिथे जमीनच नाही तिथे फरशी कशी बसवणार?

वाल्डनं २०२२ मध्ये ॲडव्हान्स्ड क्लासिकल इलेक्ट्रोमॅग्नेटिझम म्हणून छोटेखानी पुस्तक काढलं, त्यात तो हे स्पष्ट सांगतो, की बिंदू-चार्ज ही मूळ वस्तू धरूच नका, पसरलेला चार्ज धरा, आणि बिंदू हा त्याचा एक नीट घेतलेला लिमिट म्हणून येऊ द्या, मग स्वतःवरचं बल एक दुरुस्ती म्हणून येतं. मी ते दिवाळीत स्वतःला घेतलं, साडीच्या पैशांत. आता जर कोणी मला विचारलं की मॅथ्सच्या माणसानं कोणतं घ्यावं, तर मी म्हणेन आधी पर्सेल, मग नाबर, मग हे वाल्डचं, बाजूला एव्हान्सचा दुसरा चॅप्टर. जॅक्सन गणितं सोडवायला. एवढं झालं की ओ'नील. पण हे माझं झालं, काका अजून म्हणतात की तू चौदावा चॅप्टर कर, इंडसमधला प्रकाश इतक्या बारीक कोनात का पडतो ते स्वतः काढ, एक भागिले गॅमा रेडियन, मग रिगर-बिगर सगळं विसरशील.

तो मुलगा आता पुण्यात बीएस्सी करतोय, दुसरं वर्ष. ह्या दिवाळीत फराळाला आला होता. मी त्याला सगळं सांगितलं, गोळा कापून, एप्सिलॉन लावून, ताटातल्या लाडवावर दाखवलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम ते ठीक आहे, पण तुमच्याकडे जॅक्सन आहे म्हणे, आमचे सर म्हणतात सगळ्यात कठीण तेच आहे. मी काही बोलले नाही. आतून घेऊन आले आणि दिला. आधीच्या मालकाची पेन्सिल तिसऱ्या चॅप्टरच्या मध्यावर थांबते, माझी त्याच्या पुढे अकरा पानांवर. त्याला मी एक नवी पेन्सिलही दिली.